व्रणातून फिरणारी वीज

शुद्धीत असताना आयसीडीचा, म्हणजे हृदयाची लय बिघडली की शॉक देणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्राचा, शॉक बसलेला माणूस तो अनुभव कसा सांगतो, हे हृदयतज्ज्ञांना जगभर जवळपास त्याच शब्दांत ऐकायला मिळतं : घोड्याने छातीत लाथ घातल्यासारखं झालं. शॉकने जीव वाचलेला असतो. तरी त्या दिवसापासून तो माणूस जिना चढताना बिचकतो, न्हाणीघराची कडी लावायला घाबरतो, नातवंडाला उचलून घेताना मनातल्या मनात शंभरदा विचार करतो. काही जण मध्यरात्री शॉक बसला म्हणून दचकून उठतात आणि सकाळी दवाखान्यात यंत्राची नोंद तपासली तर तिथे काहीच सापडत नाही. डॉक्टर याला ‘फँटम शॉक’ म्हणतात. यंत्राने काही केलेलं नसतं, पण माणसाला बसलेला धक्का खरा असतो.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या जीवघेण्या लयबिघाडावर, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियावर (डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘व्हीटी’), आज जे कॅथेटर ॲब्लेशन (हृदयात नळी नेऊन बिघाडाची जागा निकामी करणं) केलं जातं, त्याचे निकाल समजून घ्यायचे तर सुरुवात या धक्क्यापासूनच करायला हवी. ॲब्लेशनने आयुष्य किती वाढलं, हा एक हिशेब. शॉक किती टळले, हा दुसरा. वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्या हिशेबाला मान मोठा असतो. रुग्णाच्या घरात दुसऱ्याचं मोल तितकंच असतं, आणि ते तसं असणं रास्त आहे.

आयसीडीची कथाही अशाच एका व्हीटीतून सुरू झाली. मिशेल मिरोव्स्की हे मूळचे वॉर्साचे. १९३९ मध्ये पोलंडवर हल्ला झाल्यावर ते घरातून बाहेर पडले ते कायमचे. पुढे इस्राएलमध्ये डॉक्टर म्हणून काम करत असताना त्यांचे गुरू हॅरी हेलर यांना व्हीटीचे झटके येऊ लागले, आणि १९६६ मध्ये त्यातच ते गेले. अशा माणसाला आयुष्यभर रुग्णालयात मॉनिटरखाली ठेवता येत नाही. मग शॉक देणारं यंत्रच त्याच्या शरीरात का बसवू नये, हा विचार मिरोव्स्कींच्या डोक्यातून हलेना. ते अमेरिकेत बाल्टिमोरला गेले, मॉर्टन मोवर हे सहकारी भेटले आणि बड्या तज्ज्ञांचा विरोध सोसत दोघांनी यंत्र घडवलं. फेब्रुवारी १९८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं. त्यानंतर या यंत्राने असंख्य घरांतला कर्ता माणूस राखला आहे.

मात्र आयसीडी व्हीटी थांबवतं, होऊ देत नाही असं नाही. दुखण्याचं मूळ जागच्या जागीच राहतं.

ते मूळ बहुतेकदा जुन्या हार्ट ॲटॅकच्या व्रणात असतं. रक्तपुरवठा तुटला की हृदयाच्या स्नायूचा एक भाग मरतो आणि तिथे व्रण तयार होतो. हा व्रण एकसंध नसतो. मेलेल्या ऊतीमध्ये जिवंत तंतूंचे चिंचोळे पट्टे उरतात आणि त्यांतून विद्युत लहर फार सावकाश सरकते. ती दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत भोवतालचा निरोगी स्नायू पुन्हा उत्तेजित व्हायला तयार झालेला असतो. लहर त्याला चेतवते, वळसा घालून पुन्हा त्याच पट्ट्यात शिरते आणि फेरा सुरू होतो. मिनिटाला दीडशे, दोनशे ठोके पडू लागतात. हृदय नीट भरत नाही, रक्तदाब पडतो, माणूस कोसळतो. हार्ट ॲटॅक येऊन दहा-पंधरा वर्षं उलटल्यावरही हे घडू शकतं. ‘बायपास झाली, आता काळजी नाही’ असं समजून चाललेल्या कुटुंबाला म्हणूनच हा घाव अनपेक्षित असतो.

औषधांवर एकेकाळी मोठी भिस्त होती. १९८९ मध्ये ‘कास्ट’ या अमेरिकी चाचणीने ती मोडली. हार्ट ॲटॅकनंतर पडणारे जादा ठोके दाबणारी एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड ही औषधं ठोके खरोखरच दाबत होती, पण ती घेणारे रुग्ण औषध नसलेल्या साध्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने मरत होते. चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला. मोठ्या कामाचं उरलं ते अमियोडॅरोन. ते गुणकारी आहे, पण थायरॉइड, फुप्फुसं, यकृत, डोळे आणि त्वचा या सगळ्यांवर त्याची वाकडी नजर असते. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या ठरावीक काळाने तपासण्या व्हायला हव्यात, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच राहून जातात.

व्रणाच्या मुळाशीच जायचं पहिलं धाडस शस्त्रक्रियेने केलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात मार्क जोसेफसन यांनी व्हीटीचा फेरा कुठून फिरतो याचा नकाशा काढायची पद्धत बसवली. शल्यविशारद ॲल्डन हार्केन छाती उघडून, त्या नकाशाच्या आधारे हृदयाच्या आतल्या अस्तरातला तेवढा भाग सोलून काढत. अनेकांची व्हीटी कायमची गेली, पण शस्त्रक्रियेतच दगावणाऱ्यांचं प्रमाणही लहान नव्हतं. कॅथेटरचा मार्ग उघडला तो एका अपघातामुळे. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये एका रुग्णाच्या तपासणीदरम्यान बाहेरून दिलेल्या शॉकची वीज चुकून आतल्या कॅथेटरवाटे गेली आणि हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधला विद्युत दुवा कायमचा तुटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांनी १९८१ मध्ये हेच जाणूनबुजून, उपचार म्हणून केलं. दोन वर्षांत जेफ्री हार्टझलर यांनी व्हीटीसाठी तो प्रयोग केला. तेव्हा शॉकची ऊर्जा वापरत. पुढे तिची जागा रेडिओफ्रीक्वेन्सीने घेतली.

आजच्या कॅथलॅबमध्ये हे काम तासन्‌तास चालतं. जांघेतल्या शिरेतून किंवा रोहिणीतून साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा कॅथेटर डाव्या कप्प्यात नेतात. त्याचं टोक आतल्या भिंतीला जागोजागी टेकवलं जातं, दर ठिकाणी किती व्होल्टेज मिळतं याची नोंद होते आणि पडद्यावर त्या हृदयाचा त्रिमिती नकाशा भरत जातो. प्रचलित रंगसंगतीत दीड मिलिव्होल्टच्या वरचा निरोगी स्नायू जांभळा, अर्ध्याच्या खालचा दाट व्रण लाल, आणि मधल्या पट्ट्यात हिरवा-पिवळा. खरं काम या मधल्या पट्ट्यात आणि लाल भागाच्या आत असतं. निरोगी जागेवर कॅथेटरला एक ठसठशीत संकेत मिळतो. व्रणातल्या जिवंत पट्ट्यावर तो तुटक, फाटका आणि उशिराने येतो. असे संकेत हुडकायचे, तिथे वीज सोडायची. मिठाच्या पाण्याने टोक गार ठेवत, तीस ते पन्नास वॅटने, एका ठिकाणी अर्धा ते एक मिनिट. ऊतीचं तापमान पन्नास अंशांच्या वर गेलं की ती जागा कायमची निकामी होते. शेवटी हृदयाला बाहेरून ठोके देऊन व्हीटी मुद्दाम चेतवायचा प्रयत्न करतात. ती चेतली नाही तर काम साधलं असं धरतात.

पूर्वी व्हीटी चालू असतानाच नकाशा काढावा लागे आणि रक्तदाब पडणाऱ्या रुग्णात ते शक्य नसे. २००० साली पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस मार्शलिन्स्की यांनी, हृदय आपल्या सामान्य लयीत असतानाच व्होल्टेजवरून व्रण ओळखून त्यावर ओळीने ॲब्लेशन करायची पद्धत मांडली. ज्यांना ‘तुमचं करता येणार नाही’ असं सांगितलं जायचं, ते रुग्ण त्यामुळे टेबलावर येऊ शकले.

या शास्त्राला मिळालेली एक मोठी देणगी ब्राझीलच्या गरिबीतून आली, आणि तिच्यावर जरा थांबायलाच हवं. मातीच्या भिंतींच्या फटींत राहणारा एक किडा रात्री माणसाचं रक्त पितो आणि चागास रोगाचा परजीवी मागे सोडतो. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये मिनास जेराइस प्रांतात हा रोग शोधला. लहानपणी लागण झालेल्या माणसाचं हृदय वीस-तीस वर्षांनी बिघडतं, आणि त्यातला व्रण पुष्कळदा स्नायूच्या बाहेरच्या बाजूला असतो. आतून कितीही वीज सोडली तरी ती तिथवर पोचत नाही. साओ पाउलोमध्ये एदुआर्दो सोसा आणि मॉरिसियो स्कनावाका यांच्यापुढे असेच रुग्ण होते. त्यांनी १९९६ मध्ये छातीच्या हाडाच्या टोकाखालून, पाठीत भूल देण्यासाठी वापरतात तशी सुई हृदयाभोवतीच्या आवरणात शिरवली आणि कॅथेटर हृदयाच्या बाहेरून फिरवला. छाती उघडावी लागली नाही. आज व्हीटीची मोठी केंद्रं हीच वाट वापरतात. विशेषतः ज्यांचं हृदय हार्ट ॲटॅकशिवाय अशक्त झालंय, त्यांच्यात आतून काम भागेनासं झालं की सोसांची सुई पुढे येते.

आता निकाल.

जगातल्या १२ मोठ्या केंद्रांनी हृदयात व्रण असलेल्या २,०६१ रुग्णांची माहिती एकत्र केली. रोडरिक टुंग आणि सहकाऱ्यांनी ती २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गटात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचे कल्याणम शिवकुमार यांचाही वाटा मोठा होता. ॲब्लेशननंतर वर्षभर व्हीटी न परतलेले रुग्ण ७० टक्के. ज्यांची परतली नाही, त्यांच्यातले ९० टक्के हृदय-प्रत्यारोपणाशिवाय जिवंत होते; ज्यांची परतली, त्यांच्यात हे प्रमाण ७१ टक्के. ही तफावत डोळ्यांत भरते, म्हणूनच ती सावधपणे वाचायला हवी. व्हीटी थांबली म्हणून माणूस जगला, असं त्यातून सिद्ध होत नाही. जास्त खंगलेल्या हृदयात व्हीटी परतण्याची शक्यताही जास्त आणि मृत्यूचीही. दोन्हींचं कारण एकच असू शकतं.

असा गुंता सोडवायचा तर चिठ्ठी टाकून रुग्ण दोन गटांत वाटावे लागतात. कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे जॉन सॅप यांनी ते दोनदा केलं. पहिली ‘व्हॅनिश’ चाचणी २०१६ ची. जुना हार्ट ॲटॅक, आयसीडी, आणि औषध चालू असूनही व्हीटी, असे २५९ रुग्ण. निम्म्यांचं ॲब्लेशन केलं, निम्म्यांची औषधं वाढवली. मृत्यू, लागोपाठच्या व्हीटीचं वादळ किंवा योग्य कारणाने बसलेला शॉक, यांपैकी काहीतरी घडलेले रुग्ण ॲब्लेशनच्या गटात ५९.१ टक्के, औषधांच्या गटात ६८.५ टक्के. दुसरी ‘व्हॅनिश-२’, तिचे निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. यात प्रश्न आणखी आधीच्या टप्प्याचा होता : औषध हरेपर्यंत थांबायचं की आधीच ॲब्लेशन करायचं? रुग्ण ४१६, पाठपुरावा सरासरी चार वर्षांहून जास्त. पुन्हा ॲब्लेशन वरचढ ठरलं, ५०.७ विरुद्ध ६०.६ टक्के. ॲब्लेशननंतर महिन्याभरात १ टक्का रुग्ण गेले आणि ११.३ टक्क्यांना जिवावर न बेतलेली गुंतागुंत झाली. औषधांच्या गटात एक रुग्ण फुप्फुसावरच्या दुष्परिणामाने गेला, आणि इतर दुष्परिणाम २१.६ टक्क्यांना झाले.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. चार वर्षांत सर्वोत्तम हातांखालीसुद्धा ॲब्लेशन झालेल्या दर दोघांतल्या एकाला काहीतरी गंभीर भोगावं लागलं. दोन्ही चाचण्यांत मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरकही दिसला नाही. तेव्हा ‘जाळून टाकलं, आता बरे झालात’ हे वाक्य जुन्या व्रणाच्या व्हीटीबद्दल कुणी उच्चारू नये. फेरे कमी झाले, शॉक कमी झाले, अमियोडॅरोनचा डोस उतरला, हे खरं. आणि हे छोटं नाही.

आपल्याकडे तर त्याला पैशाचीही बाजू आहे. आयसीडीची किंमत काही लाखांत जाते. शॉक वारंवार बसले की बॅटरी लवकर संपते, आणि नवं यंत्र बसवताना त्याच घरावर पुन्हा तेवढाच बोजा पडतो. टळलेला प्रत्येक शॉक पुढच्या खर्चालाही लांबवतो.

व्रण नसलेल्या हृदयाची गोष्ट वेगळी. धडधाकट तरुणांमध्ये काही व्हीटी एकाच लहान जागेतून उठतात, आणि तिथे ॲब्लेशनने बहुतेकांचा आजार कायमचा सुटतो. एकच नाव असलेल्या दोन दुखण्यांचे निकाल इतके निराळे असल्याने शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव आपल्या वडिलांना लावण्यात अर्थ नसतो.

बँकॉकचे कूनलावी नदेमनी यांचं काम याहून विलक्षण. थायलंडच्या ईशान्य भागात धडधाकट पुरुष झोपेत मरत. गावकरी हे विधवेच्या भुताचं काम मानत आणि भुताला फसवायला काही पुरुष झोपताना बायकी वेश करत. १९९० च्या दशकात नदेमनी यांनी दाखवलं, की यातल्या अनेकांना ब्रुगाडा सिंड्रोम हा हृदयाच्या विद्युत व्यवस्थेचा विकार होता. त्यानंतर २०११ मध्ये त्यांनी अशा नऊ रुग्णांत उजव्या कप्प्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, फुप्फुसाकडे जाणाऱ्या मार्गाशी, बिघडलेले संकेत शोधले आणि तेवढी जागा ॲब्लेट केली. बहुतेकांचा ईसीजी सामान्य झाला. पुढे अनेक देशांतल्या १५९ रुग्णांची नोंद झाली : सरासरी चार वर्षांच्या पाठपुराव्यात एका ॲब्लेशननंतर ८१ टक्के आणि गरज पडली तिथे पुन्हा केल्यानंतर ९६ टक्के रुग्णांना व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनचा, म्हणजे खालचे कप्पे नुसते फडफडण्याचा, झटका आला नाही. फ्रान्समधल्या बोर्दोत मिशेल हायसागेर यांनी २००२ मध्ये दुसऱ्या एका गटात, सगळ्या तपासण्या चांगल्या असूनही हृदय अचानक फडफडणाऱ्या २७ जणांत, झटक्याची ठिणगी टाकणारे ठोके शोधून ती जागा ॲब्लेट केली. त्यातले २४ जण पुढची सरासरी दोन वर्षं झटक्यावाचून राहिले.

भारतात हा प्रश्न कुठल्या वयात येतो, तेही पाहायला हवं. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासावर आधारित एक शोधनिबंध २००७ मध्ये आला. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. दक्षिण आशियात पहिल्या हार्ट ॲटॅकचं सरासरी वय ५३ निघालं, इतरत्र जवळपास ५९. म्हणजे आपल्या माणसाच्या हृदयात व्रण सहा वर्षं आधी पडतो, आणि त्या व्रणासोबत त्याला जास्त वर्षं काढायची असतात. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, सगळं चालू असताना.

आपल्याकडचं आणखी एक वेगळेपण हैदराबादच्या कलंबूर नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये समोर आणलं. काही रुग्णांना व्हीटी होती, हार्ट ॲटॅक झालेला नव्हता, हृदयाची ताकदही शाबूत होती. पण छातीतल्या गाठी सुजलेल्या होत्या आणि हृदयाच्या स्नायूत गाठींसारखी सूज होती. कुणात ते सार्कॉइडोसिस निघालं, कुणात क्षयरोग. अशा हृदयात सूज धगधगत असताना नुसतं ॲब्लेशन करत राहणं म्हणजे व्हीटी परतण्याला वाव देणं. आधी क्षयाची औषधं, जिथे लागतील तिथे स्टेरॉइड्स, मग लयीचा विचार. क्षय घरोघरी ओळखीचा असलेल्या देशात, कारण न सापडलेल्या व्हीटीच्या प्रत्येक रुग्णाची गाठींसाठी तपासणी व्हायलाच हवी.

धोक्याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही, ही रुग्णांच्या नातेवाइकांची रास्त तक्रार असते. वर उल्लेखलेल्या २,०६१ रुग्णांतले सुमारे ५ टक्के महिन्याभरात गेले. कॅथेटरने चुकून काहीतरी फाटल्याने मरणारे थोडे; बरेचसे आधीच अत्यवस्थ झालेले होते. मिलानमध्ये व्हीटीच्या वादळात सापडलेल्या ९५ रुग्णांवर ॲब्लेशन झालं, तेव्हा दोनेक वर्षांच्या पाठपुराव्यात ९२ टक्क्यांमध्ये वादळ पुन्हा उठलं नाही. वादळातून माणूस ओढून काढता येतो, हे त्यातून दिसलं. पण बहुतेकदा त्याला वादळापर्यंत पोचू दिलं जातं, आणि त्याचं ओझं तोच वाहतो.

जिथे कॅथेटर हरतो, तिथे सेंट लुइसच्या फिलिप कुकुलिच आणि क्लिफर्ड रॉबिन्सन यांनी कर्करोगावरचा किरणोपचार वळवला. पाच रुग्ण, आधीच्या तीन महिन्यांत मिळून व्हीटीचे ६,५७७ झटके. व्रणावर एकदाच २५ ग्रे किरण. सरासरी १४ मिनिटं. सहा आठवडे सोडून पुढे सगळ्यांचे मिळून ४६ महिने मोजले, तर झटके चार. पाचातला एक तीन आठवड्यांत पक्षाघाताने गेला. २०१७ चा हा निकाल आशा देतो, पण किरणांचा हृदयावर आणि शेजारच्या फुप्फुसावर दहा वर्षांनी काय परिणाम होईल, ते इतक्या थोड्या लोकांवरून ठरत नाही.

तेव्हा सगळ्यांत मोठा प्रश्न उरतो तो वेळेचा. बर्लिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०२० च्या चाचणीत १५९ रुग्ण होते. आयसीडी बसवण्याच्या वेळीच ॲब्लेशन करून, तिसरा शॉक बसेपर्यंत वाट पाहण्याच्या तुलनेत, मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणं कमी झालं नाही. उलट मिलानमध्ये पाओलो देल्ला बेल्ला यांनी २०२२ मध्ये पहिल्या शॉकनंतर लगेच ॲब्लेशन केलं. मृत्यूची किंवा हृदयाच्या कमजोरीसाठी भरतीची वेळ ॲब्लेशन झालेल्या २३ जणांत एकावर, न झालेल्या २४ जणांत दहा जणांवर आली. न झालेल्यांतले आठ जण वारले, ॲब्लेशन झालेल्यांत एकही नाही. फक्त ४७ रुग्ण, म्हणून यावर सगळी भिस्त टाकता येत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे : फार लवकर करून फायदा दिसला नाही, पहिल्या शॉकपाशी करून दिसतोय. आपल्याकडे मात्र गावाकडचा रुग्ण पहिल्या शॉकनंतर जवळच्या फिजिशियनकडे जातो, अमियोडॅरोन वाढतं, दुसऱ्या शॉकनंतर आणखी वाढतं. मुंबई-पुण्यातल्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टचं (हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञाचं) नाव त्याच्या कानावर पडतं तेव्हा थायरॉइड बिघडलेलं असतं आणि हृदयाची ताकद वीस टक्क्यांवर आलेली असते. पहिल्या शॉकची यंत्रातली नोंद त्याच आठवड्यात या विषयातल्या तज्ज्ञाने पाहायला हवी, आणि ती आणून द्यायचा आग्रह कुटुंबानेच धरायला हवा.